साठ ग्रॅम कमी

अकरा वर्षांत मी शर्यतीत कितवा आलो हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार? निम्म्या शर्यती मी झाडूगाडीत बसून संपवल्यात. सगळ्यांच्या मागून येणारा, मोडलेली माणसं आणि मोडलेल्या सायकली गोळा करणारा टेम्पो, त्याला आम्ही झाडूगाडी म्हणतो. तिचा ड्रायव्हर हम्मू माझ्यासाठी पुढची सीट मोकळी ठेवतो. एकदा मी शेवटपर्यंत सायकलवर गेलो, तर दुसऱ्या दिवशी तो चिडून म्हणाला, "काल आला का नाहीस? मी अंडी उकडून आणली होती."

माझं काम चाक देण्याचं. संघाच्या मुख्य स्वाराच्या मागे मागे राहायचं, आणि डोंगरात त्याचं चाक मोडलं की आपलं काढून त्याला द्यायचं. आमच्या शर्यतीत बाहेरच्या माणसाने सायकलला बोट लावलं तरी स्वार बाद होतो. शर्यतीतल्या स्वाराने दुसऱ्याला मदत केलेली चालते. अख्खी सायकल मात्र देता येत नाही. सांगाड्यावर पहिल्याच दिवशी रंगाचा शिक्का मारतात. म्हणून चाक द्यायचं आणि आपण दगडावर बसून हम्मूची वाट बघायची. देणाऱ्याने बोलायचं नाही आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, तेवढीही सेकंदं वाया जातात.

आमचा संघ अझिलाल या डोंगरातल्या गावचा आणि मालकीण लाल्ला तूदा; लाल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवलं, नवरा गेल्यावर त्याचं सायकलचं दुकान चालवायला घेतलं, आणि त्या दुकानातून हा संघ निघाला. बाई दिसायला मूठभर. पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, की या वयातही मला गृहपाठ विसरल्यासारखं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी त्या आमच्या दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या करायला लावतात. एक अनीरची, आमच्या मुख्य स्वाराची, आणि एक माझी. मग कागद काढून वाचतात. आम्ही त्या कागदाला जुळ्यांची यादी म्हणतो. माझ्या सायकलचा भाग न् भाग त्याच्या सायकलला बसला पाहिजे, नाहीतर माझा उपयोग काय?

"मागचा एक्सल?"

"सारखाच, लाल्ला."

"मागचे दाते?"

"सारखेच."

"मागच्या ब्रेकची डिस्क, एकशे ऐंशी?"

"सारखीच."

विचारणार त्या आणि उत्तर देणार मी, कारण संघाचा मेकॅनिकही मीच. दोन्ही सायकली माझ्याच हातच्या. आणि यंदा मार्चपासून त्या डिस्कच्या उत्तरात मी त्यांच्याशी खोटं बोलत होतो.

त्याचं असं झालं. मी आता चव्वेचाळीस वर्षांचा आहे. डावा गुडघा पन्नाशीचा असावा. गेल्या शरदात इमिलशिलच्या चढावर मी अनीरच्या मागे पडलो. नेमकं तेव्हाच त्याचं टायर फाटलं आणि त्याला माझ्यासाठी सहा मिनिटं थांबावं लागलं. कुणी काही बोललं नाही. पण चाक देणाराच मागे राहिला तर ते चाक म्हणजे घरी विसरलेली छत्री. मला जाणवलं की असं आणखी एकदा झालं तर आपला कारभार आटोपला.

मग मी वजन कमी करायच्या नादाला लागलो. पोटाचं कमी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून सायकलचं. हँडलची टोकं बोटभर कापली. बाटली अडकवायचे बोल्ट काढले. टायरमध्ये भोकं बुजवायचं दूध भरतो आम्ही, ते निम्मं भरलं. तरी चढ आला की अनीरची पाठ लहान लहान होत जायची. शेवटी मागच्या चाकाची ब्रेकची डिस्क काढली आणि तिच्या जागी एकशे साठ मिलिमीटरची, जाळीसारखी पातळ बसवली. मोठ्या डिस्कला ब्रेकच्या खाली एक ठोकळा लागतो, ब्रेक वर उचलून धरायला. तोही काढून टाकला. सगळे मिळून साठ ग्रॅम वाचले. हसू नका. साठ ग्रॅम म्हणजे एक अंडं, हे मलाही कळतं. पण फिरणाऱ्या चाकातलं अंडं दीड हजार मीटर वर ओढून नेऊन बघा.

आता हे चाक अनीरच्या सायकलला लावलं तर काय होईल, हे मेकॅनिकला कुणी सांगायला नको. त्याचा ब्रेक ठोकळ्यावर उंच बसलेला आणि माझी डिस्क लहान. ब्रेकचे पॅड डिस्कच्या नुसत्या कडेला चाटणार. चढावर पत्ताही लागणार नाही. उतारावर लागेल, आणि एकदाच लागेल. म्हणजे अनीरच्या मागे टिकता यावं म्हणून मी जे केलं, त्याने माझं चाक त्याला देण्याच्या लायकीचंच ठेवलं नाही. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मोठ्या उताराच्या आदल्या दिवशी मोठी डिस्क परत लावायची. एप्रिलमध्ये दोनदा लावलीही.

मे महिन्यातली आमची ही पाच दिवसांची शर्यत. चौथ्या दिवशी दुपारी मी अनीरची सायकल धुतली, चेन बदलली, नवे पॅड घातले, मागचं बेअरिंग कुरकुरत होतं ते काढून दुसरं ठोकलं. मग म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकू. डोळे उघडले तेव्हा फटफटलं होतं. झोप लागली हे खरं. पण सुटायला अजून अर्धा तास होता हेही तितकंच खरं. मी डबा उघडून मोठी डिस्क हातात घेतली. समोर त्या दिवसाची खिंडीची चढण दिसत होती, वर ढगात शिरलेली. गुडघा आधीच बोलायला लागला होता. मी डिस्क डब्यात परत ठेवली आणि झाकण लावलं.

त्या दिवशी अनीर एकूण वेळेत तीन मिनिटं दहा सेकंदांनी पहिला होता. दुसरा होता एक पोर्तुगीज. खिंडीपलीकडे, खाली नदीकाठी जिथे शर्यत संपणार, तिथे अर्नाऊ नावाचा स्पॅनिश माणूस येऊन बसला होता. त्याच्या संघात पुढच्या वर्षाला एकच जागा होती, आणि ती अनीरला द्यावी का, हे बघायला तो आला होता. अनीर तेवीस वर्षांचा आहे. आमच्या भागातून तिकडच्या संघात आजवर कुणीही गेलेलं नाही.

चढावर पोरगं मजेत होतं. वळणावरून खाली बघून ओरडलं, "दादा, आहेस का? का हम्मूकडे जाऊन बसलास?"

"आहे. श्वास घेऊ दे."

"घे की, हवा फुकट आहे."

"फुकट आहे, पण इथे वर आहे कुठे!"

त्याच्या हसण्याचा आवाज आला. खिंडीवर तो आणि पोर्तुगीज बरोबर पोहोचले आणि मी त्यांच्यामागे चाळीस सेकंदांवर. एवढ्या जवळ मी दोन वर्षांत नव्हतो. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्या डिस्कचा अभिमान वाटला.

उतार सुरू झाल्यावर दुसऱ्याच वळणाला अनीर उभा दिसला. सायकल उलटी, मागचं चाक काढून बाजूला टाकलेलं. पाटीच्या दगडाची धार लागून रिम चिरली होती, बोट जाईल एवढी. पोर्तुगीज केव्हाच खाली गेला होता.

मी उतरलो आणि माझे हात आपोआप कामाला लागले. एक्सल सोडला, चेन बाजूला केली, चाक काढून त्याच्या हातात दिलं. त्याने बसवलं, एक्सल आवळला, सायकल सरळ केली. सगळं मिनिटाच्या आत. त्याचा पाय पेडलवर होता तेव्हा मी बोललो.

"थांब. मागचा ब्रेक दाबून बघ."

त्याने सायकल ढकलली आणि ब्रेक दाबला. खर्रर्र आवाज आला आणि चाक फिरतच राहिलं.

"हे काय, दादा?"

"डिस्क लहान आहे. एकशे साठ."

"तुझ्या चाकाला? कधीपासून?"

"मार्च."

"लाल्लाला माहीत आहे?"

"नाही."

"का पण?"

"वजनासाठी. तुझ्या मागे राहता येत नव्हतं मला."

"किती वाचलं?"

"साठ."

"साठ काय?"

"ग्रॅम."

तो हसला. मला वाटलं होतं शिवी देईल. "अरे, साठ ग्रॅम! मिशी काढली असतीस तरी भागलं असतं."

मग त्याने खाली पाहिलं. नऊशे मीटरचा उतार, अठरा वळणं, आणि वळणांच्या बाहेर काहीच नाही. "पुढचा ब्रेक आहे ना. जातो तसाच."

मी हँडल धरलं. "नाही."

"सेकंदं चाललीत, दादा."

"जाऊ देत. तुझ्या आईला तोंड मला दाखवायचंय. धर सायकल. ठोकळा काढतो आणि ब्रेक खाली बसवतो. डिस्क बदलायला सहा-सहा बोल्ट, इथे चारच आहेत, दोन मिनिटांत होईल."

तीन बोल्ट निघाले. चौथा निघेना. डोंगराच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात म्हणून मी त्यांना निळा गोंद लावतो, आणि हात सढळ आहे माझा. पाना दोनदा घसरला. बोल्टचे कोपरे झिजायला लागले. मी पान्याला दगड मारला, माझ्या अंगठ्याचं सालटं निघालं, तरी तो तसाच. मला त्या क्षणी इतकं थकल्यासारखं झालं की तिथेच आडवं व्हावंसं वाटलं. अनीर सायकल धरून उभा होता. हूं नाही की चूं नाही. दगडाच्या चौथ्या टोल्याला बोल्ट हलला.

ठोकळा काढला, ब्रेक खाली बसवला, चाक फिरवून मधोमध आणला. अनीरने दाबून पाहिलं. चाक जागच्या जागी थांबलं. घड्याळात साडेपाच मिनिटं गेली होती.

"ऐक," पेडलवर पाय ठेवत तो म्हणाला. "लाल्लाला यातलं काही सांगायचं नाही. मी बघतो काय सांगायचं ते. तू फक्त तोंड बंद ठेव. नाहीतर घरी बसवतील तुला."

आणि गेला. मी वळणं मोजत त्याला खाली जाताना पाहिलं. अठराव्या वळणापर्यंत तो पडला नाही, तेवढं मला पुरे होतं.

हम्मू तासाभराने आला. चिरलेलं चाक बघून म्हणाला, "आज पोराचंच चाक गेलं ना? मग तोंड का असं केलंस? तुझं कामच ते." त्याने अंडं सोलून जिरं लावून दिलं. मी ते रुमालात गुंडाळून खिशात टाकलं.

नदीकाठी पोचलो तेव्हा पोर्तुगीजाच्या गळ्यात हार पडला होता. अनीर एक्केचाळीस सेकंदांनी हरला होता. उतारावर त्याने पावणेदोन मिनिटं भरून काढली होती, असं वेळ मोजणारा मला म्हणाला. आमच्या तंबूपुढे अनीर जमिनीवर बसला होता, केसांपासून बुटांपर्यंत धुळीचा. त्याच्यापुढे लाल्ला तूदा, आणि त्यांच्या शेजारी टोपी हातात घेतलेला तो स्पॅनिश माणूस. दोघांचं फ्रेंचमध्ये चाललं होतं. माझी फ्रेंच सुट्या भागांपुरती आहे. चेन, पेडल, टायर यापलीकडे मला काही कळत नाही.

"ये, बास्सू," लाल्ला म्हणाल्या. "तुझ्या लाडक्याने काय दिवे लावले ते ऐक. तू दिलेलं चाक बसवताना बोल्ट पाडला म्हणे, आणि पाच मिनिटं गवतात हुडकत बसला! चार वर्षं हेच शिकवलंस त्याला?"

मी अनीरकडे पाहिलं. त्याने मान हलवली, दिसेल न दिसेल एवढीच.

"आणि हे काय म्हणतात?" मी स्पॅनिश माणसाकडे बघत विचारलं.

"म्हणतात, पोराचे पाय उत्तम आहेत, पण ऐन वेळी गडबडतं. असा माणूस त्यांना नको."

कुणीतरी माझ्या हातात चहाचा पेला दिला. मी तो सगळा प्यायलो आणि तोंडातून शब्द काढला नाही. उगाच चांगुलपणाचा आव आणत नाही. मी हिशेबच करत होतो. अनीर तेवीसचा आहे, त्याला पुढच्या वर्षी आणखी कुणी बघायला येईल. मला कोण येणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तो स्वतःच तर गप्प राहा म्हणाला होता.

लाल्ला परत त्याच्याकडे वळल्या. "गवतात! अरे, त्या उतारावर गवत तरी आहे का?"

"चुकलं, लाल्ला," अनीर म्हणाला. "माझंच चुकलं."

चार दिवस पहिला राहिलेला मुलगा, मान खाली घालून, वर्गात उभा केल्यासारखा बोलत होता. स्पॅनिश माणसाने टोपी घातली आणि निरोपासाठी लाल्लांपुढे हात केला. मला एकदम माझीच किळस आली.

"लाल्ला," मी म्हणालो, "त्यांना थांबवा. मला काही सांगायचंय. मी बोलतो तसं त्यांना फ्रेंचमध्ये सांगा."

"दादा, गप!" अनीर म्हणाला.

"मुलाने बोल्ट पाडला नाही," मी म्हणालो. लाल्लांनी ते सांगितलं.

"चाकाची डिस्क लहान होती, म्हणून ब्रेक लागत नव्हता." तेही त्यांनी सांगितलं, कपाळाला आठ्या घालून.

"ते चाक माझं होतं. डिस्क मी लावली, मार्चमध्ये. मला चढ झेपत नव्हता म्हणून."

इथे त्या थांबल्या. स्पॅनिश माणूस वाट बघत होता. "पुढे बोल," त्या मला म्हणाल्या.

"यादी वाचताना तुम्ही डिस्कचं विचारायचात, तेव्हा मी सारखीच म्हणायचो. ते खोटं होतं."

लाल्लांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला. मग त्यांनी ती सगळी वाक्यं फ्रेंचमध्ये सांगितली, एकही न गाळता, पुस्तकातला धडा वाचावा तशी. मला त्यातलं माझं नाव आणि डिस्क एवढंच कळलं.

स्पॅनिश माणसाने काहीतरी विचारलं.

"विचारतात, हे कळल्यावर मुलगा काय म्हणाला?"

"म्हणाला, तसाच जातो. मी जाऊ दिलं नाही. मग साडेपाच मिनिटं सायकल धरून उभा राहिला. माझा पाना घसरत होता, त्याने सायकल हलू दिली नाही. मला एका शब्दाने बोलला नाही. उलट दोष स्वतःवर घेतला."

त्यांनी तेही सांगितलं. माणूस अनीरकडे वळला. मग त्याने टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि अनीरला हात देऊन उठवलं. जाता जाता लाल्लांना दोन वाक्यं सांगितली आणि माझ्याकडे बोट करून एक प्रश्न विचारला, पण उत्तराला थांबला नाही. दोघं त्याच्या गाडीकडे चालत गेले. अनीरने एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तो रागावला होता.

"ऑक्टोबरात बोलावतील त्याला," लाल्ला म्हणाल्या.

"बरं झालं."

"हो. त्याचं बरं झालं."

मी विचारलं, "जाताना माझ्याबद्दल काय विचारलं त्यांनी?"

"विचारलं, हा माणूस मागे पडत होता तर त्याने तसं सांगितलं का नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी बसवलं असतंत."

"सायकलवरून उतरवलं असतं," त्या म्हणाल्या. "इमिलशिलनंतर तुझी वाटच बघत होते मी. म्हटलं, आपण होऊन येईल, मग बोलू. माझ्याने आता ते दुकान होत नाही, बास्सू. गुडघे काय तुझेच दुखतात? दुकान तुझ्या हाती द्यायचं मनात होतं. माझ्या मुलाशी बोलूनही झालं होतं. तू यायचास आणि खिंडी चढायला अजून दम आहे म्हणायचास. मग मी गप्प राहायचे."

इतक्या महिन्यांत एकदा, नुसतं एकदा, थकलो म्हणालो असतो तर.

"आणि आता?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा खाली ओढला नव्हता. रागही नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं.

"आता माणसं दुकानात ब्रेक दाखवायला सायकल घेऊन येतील आणि तू म्हणशील ठीक आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना मी काय सांगू? तूच सांग."

मी अनीरची सायकल टेम्पोत चढवायला घेतली.